आबांची हिरकणी

माझे वडील भित्रे होते. आज हे मी मायेने सांगते, पण तेव्हा मला त्याचा फार राग यायचा. शिपायाचा पट्टा दिसला की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. पोस्टमन आळीत शिरला की ते घरात जाऊन दार लोटून घ्यायचे, मग पत्र शेजारच्यांचं का असेना. कुत्री, मारके बैल, रेल्वेचा तिकीटबाबू, बंगल्यांतले माळी, या सगळ्यांना ते भ्यायचे. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "आबा, तुमच्या सावलीला तरी भिऊ नका." त्यावर ते ओशाळून हसले होते.

काचेला मात्र ते भ्यायचे नाहीत. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या खिडक्यांना काचा बसवायचा त्यांचा धंदा. आम्ही मूळचे वराळ्याचे शेतकरी. आबा तरुणपणी बंगल्यांच्या बांधकामावर मजुरीला आले, एका म्हाताऱ्या कारागिराकडून काम शिकले आणि इथेच राहिले. तीन हात लांबीची काच वाकळीत गुंडाळून, डोक्यावर घेऊन ते खंडाळ्याहून भर वाऱ्यात चालत यायचे. त्या वेळी त्यांच्याकडे बघितलं तर हा माणूस कुत्र्याला भितो हे कुणाला खरं वाटलं नसतं.

त्यांच्या धंद्याचा सगळा जीव एका हत्यारात होता. त्याला हिरकणी म्हणतात. लाकडी मूठ, पुढे पितळेचं टोक आणि त्यात बसवलेला मोहरीएवढा हिऱ्याचा कण. ती काचेवरून एकदाच, न थांबता ओढायची. रेघ नीट पडली तर बारीक, सलग आवाज येतो. चुकली तर खरखर होते. हा कण वापरणाऱ्याच्या हाताच्या कलाप्रमाणे झिजत जातो. त्यामुळे एकाची हिरकणी दुसऱ्याच्या हातात चालत नाही, आणि दुसऱ्याने ती बरेच दिवस वापरली तर पहिल्यालाही ती परकी होते. आबांनी ती कधी कुणाला उसनी दिली नाही. मलासुद्धा फक्त पुसायला द्यायचे.

मी लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परत आले होते. का, ते इथे सांगत बसत नाही. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच. आबा काच कापायचे आणि मी दुसरं टोक धरायची, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी तयार करायची, म्हणजे काच चौकटीत बसवल्यावर कडेने भरायला.

लढाईच्या दिवसांतली ही गोष्ट, त्रेचाळीस सालची. त्या वर्षी श्रावणात शाळेच्या खिडकीची काच कापताना आबांनी एकाच जागी दोनदा रेघ ओढली. मी बघतच राहिले. जुन्या रेघेवरून हिरकणी पुन्हा फिरवायची नाही, ही त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट. त्यांनी पहिली रेघ पाहिलीच नव्हती. काच वाकडी तुटली तेव्हा ते म्हणाले, "काचच खराब व्हती." मी हो म्हटलं. पण त्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत दुधासारखं पांढुरकं उतरत होतं.

त्यांना काय वाटत असेल ते मला माहीत होतं. वराळ्याच्या दत्तोबाने मोतीबिंदू काढून घेतला आणि डोळाच गमावला, त्यामुळे दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. आणि लोणावळ्यात कुणाला कळलं असतं तर काम बंद. मग वराळ्याला जाऊन भावाच्या दारात त्याच्या बायकोने वाढलेलं खात बसायचं. त्या विचाराने ते रात्री कूस बदलत राहायचे. मी विचारत नव्हते, ते सांगत नव्हते. घरात माणसं दोन, आणि दोघंही एकच गोष्ट लपवत होतो.

खंडेनवमी आली तेव्हा आबा बऱ्याच दिवसांनी मोकळे दिसले. आमच्यात नवमीला हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसरा सरून दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. दोन दिवस तरी कुणी काच काप म्हणणार नव्हतं.

दसऱ्याच्या दुपारी रखमाजी आला. हा इंदुरीचा, तुंगार्लीच्या बाजूला मुंबईच्या एका वकीलसाहेबांचा बंगला होता तिथे ड्रायव्हर. साहेब महिन्यातून दोनदा यायचे. एरवी बंगल्याच्या मागच्या खोलीत रखमाजी, त्याची बायको झुंबरबाई आणि दोन पोरं राहायची. तो येऊन दारातच खाली बसला.

"अंबाजीभाऊ, माझी नोकरी गेली."

"काय झालं?"

"मोटार धुतली, हार घातला. म्हनलं, नारळ ववाळून फोडावा. सात येळा ववाळला. मागं दगड ठिवला व्हता, त्याच्यावर आपटाया गेलो, तर हाताला त्याल. सुटला तो मागल्या काचंत."

मला हसू आलं होतं, पण त्याच्याकडे पाहिल्यावर ते जागीच विरलं. साहेबांनी त्याला बजावून सांगितलं होतं की मोटारीला असलं काही करायचं नाही. आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी एका ओरखड्यावरून घालवलं होतं. आणि उद्या दहाच्या गाडीने ते येणार, स्टेशनवरूनच मोटारीने पुण्याला जाणार. लढाईमुळे जाड काच पुण्यातही मिळत नव्हती, आणि दसऱ्याला तर दुकानंच बंद.

"आज हत्याराला हात लावता येत न्हाई रं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याचा सूर होता. तो मला ऐकू आला आणि मला त्यांची लाज वाटली.

रखमाजीने वाद घातला नाही. "व्हय, ते बी खरंच," म्हणाला, आणि टोपी सारखी करत उठला. तो पायरी उतरला तसे आबा म्हणाले, "थांब." पाटासमोर जाऊन त्यांनी हात जोडले, बराच वेळ ओठ हलवले आणि हळदकुंकू लागलेली हिरकणी उचलली. जन्मात त्यांनी कसलाही नेम मोडला नव्हता. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, देवाच्या भीतीने की डोळ्यांच्या, ते मला कळेना.

आमच्याकडे जाड काच एकच होती. मोडीत निघालेल्या दुकानाच्या कपाटाची, आबांनी पाच वर्षं जपून ठेवलेली. ती वाकळीत गुंडाळून आम्ही बंगल्यावर गेलो.

मोटार पोर्चमध्ये उभी होती. सतरा-अठरा वर्षांची जुनी, पण रखमाजीने पुसून पुसून चकचकीत ठेवलेली. पुढे झेंडूचा हार, मागे भोक. आत मागच्या सीटवर काचेचा सडा पडलेला आणि मधोमध नारळ. तो फुटलासुद्धा नव्हता.

रखमाजीने चौकटीच्या आतल्या लाकडी पट्ट्यांचे स्क्रू काढले. चौकटीत अडकलेले तुकडे आबा बोटांनी चाचपून ओढायला लागले. पूर्वी ते असं कधी करत नसत, आधी बघत आणि मग हात घालत. दुसऱ्याच तुकड्याला त्यांचा अंगठा कापला. रक्त मोटारीच्या रंगावरून ओघळलं तरी त्यांना पत्ता नाही. रखमाजी वळायच्या आत मी पदराने पुसलं आणि आबांचा अंगठा मुठीत दाबून धरला. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

चौकटीवर कागद धरून मी कोळशाने घासलं आणि माप उतरवलं. मापाचा कागद कापला, काच व्हरांड्यातल्या टेबलावर वाकळ पसरून तिच्यावर ठेवली आणि खुणा केल्या. चार सरळ रेघा. कोपरे गोल होते, पण ते तिरके छाटून दगडावर घासता आले असते. रेघांना मात्र दुसरी संधी नव्हती. एक चुकली की काच गेली, रखमाजीची खोली गेली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या लोणावळ्याला कळणार की अंबाजीला दिसत नाही. रखमाजी कठड्याला टेकून उभा होता आणि बघत होता.

"रखमाजीभाऊ," मी म्हटलं, "आबास्नी च्या आना. कोरा असला तरी चालंल."

त्याने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मागच्या खोलीकडे गेला.

"आबा, हिरकणी द्या हितं," मी हळूच म्हटलं. "मला रेघ दिसतीया."

त्यांनी मूठ सोडली नाही. मग म्हणाले, "कदीपासनं ठावं हाय तुला?"

"साळंच्या काचंपासनं."

"तुज्या हातात चालायची न्हाई ती." मग खाली मान घालून म्हणाले, "लीले, मला लय भ्या वाटतंय."

इतकी वर्षं ते भीत आले, पण भीती वाटते असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. मला रडू फुटलं असतं, पण वेळ नव्हता. हात त्यांचाच हवा होता आणि डोळे माझे. मी डाव्या हाताने पट्टी दाबून धरली, उजव्या हाताने त्यांचं मनगट. हिरकणीचं टोक न अडखळता सरकावं म्हणून रॉकेलात बुडवलं आणि खुणेवर आणून ठेवलं. "सोडा," मी म्हटलं.

पहिली रेघ सलग वाजत गेली. दुसरीही. आबा डोळे मिटून ऐकत होते. तिसरी अर्ध्यावर आली आणि खालच्या रस्त्यावर एकदम ताशे वाजायला लागले. सोनं लुटायला निघालेली मंडळी होती. त्या आवाजात काचेचा आवाज बुडाला. आबांचं मनगट माझ्या हातात ताठ झालं, आता ते थांबणार असं मला वाटलं. थांबले असते तर सगळं संपलं असतं.

"चालू द्या," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. "मला दिसतंय, आबा. चालू द्या."

मनगट सैल पडलं आणि पुढे सरकलं. चौथी रेघ आम्ही ताशांच्या गलक्यातच ओढली. त्यांनी खालून बोटांनी जागा शोधत हिरकणीच्या मुठीने हलके हलके ठोकलं, कड टेबलाच्या धारेवर आणली आणि दाबली. चारही बाजूंनी काच रेघेवर तुटली. मी मापाचा कागद तिच्यावर ठेवून पाहिला, तो बरोबर बसला.

रखमाजी चहा घेऊन आला तो बराच उशिरा. इतका वेळ चहाला लागत नाही हे मला तेव्हा सुचलं नाही. कोपरे त्यानेच पाणी आणि वाळू घालून दगडावर घासले. चौकटीतला बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, जुना पट्टा कुजला होता, म्हणून सायकलची ट्यूब चिरून कडेने बसवली, काच ठेवली, पट्ट्या आवळल्या. दिवस मावळायला अजून अवकाश होता. आबांनी काचेच्या चारी कडांवरून बोट फिरवलं. रखमाजी पुढे ड्रायव्हरच्या जागी बसला आणि त्याने वरच्या आरशात बघितलं.

"भाऊ, समदं सोच्छ दिसतंय," तो म्हणाला.

"दिसतंय न्हवं? मग झालं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीने वकीलसाहेब उतरले, मोटारीत बसले आणि पुण्याला गेले. काचेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हे सांगायला रखमाजी घरी आला तेव्हा त्याने तो नारळ आणला होता. जाताना मला एकटीला म्हणाला, "मी कुनाला बोलनार न्हाई." तेव्हा त्या उशिराच्या चहाचा अर्थ मला कळला.

तो गेल्यावर आबांनी मला हाक मारली. हिरकणी त्यांच्या मांडीवर होती. "आजपासनं टाकाऊ तुकडं घ्यायचं आन् ह्याच्यानं कापायचं. रोज. तुज्या हाताची व्हईस्तवर."

"मग तुमाला कशी चालंल ती?"

"मी काच धरीन," ते म्हणाले.

मी घाबरले. बाईमाणूस काचा बसवत बंगल्यांतून फिरणार, लोक काय म्हणतील, हे तर होतंच. पण खरी भीती वेगळी होती. ती मूठ माझ्या हातात आली तशी मला कळलं की जितकी मी शिकत जाईन तितकी ही आबांच्या हातातून जाणार. आबा मात्र शांत होते. कुत्र्याला भिणारा माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीतीचं नाव नव्हतं.

पाच महिने मी तुकड्यांवर रेघा ओढल्या. सगळ्या खरखरत गेल्या. शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाजली. आबा बाहेर ओट्यावर बसले होते. ते भिंत चाचपत आत आले, हात पुढे केला आणि हिरकणी मागून घेतली. मी त्यांचं मनगट धरून टोक काचेवर टेकवलं. त्यांनी एक रेघ ओढली. ती खरखरत गेली.

त्यांनी हिरकणी धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्या हातात परत ठेवली.

"झाली तुजी," ते म्हणाले.