पहिलं फळ आत्याच्या हातचं

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बाबा कचेरीतून आले आणि पगडी खुंटीला अडकवता अडकवता म्हणाले, "उद्या सगळ्यांनी कळमेश्वरकडे जायचं आहे. आत्यानंसुद्धा."

आत्या चुलीपुढे बसली होती. तिनं मान वर केली नाही. "मी कशाला? घर कोण सांभाळेल?"

"घराला कुलूप लावू," बाबा म्हणाले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न कशाला म्हणतात हे कळायच्या आधीच विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. लाल आलवण, डोक्यावरून घेतलेला पदर आणि दिवसभर काम. आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं. पण घरात बारसं असो की मुंज, पाहुणे जमू लागले की ती आपणहून मागच्या खोलीत जायची. तिला जा म्हणून कुणी सांगत नसे, आणि थांब म्हणूनही कुणी म्हणत नसे. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची ही गोष्ट. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन.

बोलावणं आलं होतं ते एका कुणब्याच्या घरून. मागच्या उन्हाळ्यात त्या शेतकऱ्याचा पाय बैलगाडीखाली सापडला होता. नागपूरच्या दवाखान्यात उपचार चालले तेवढे दिवस तो आणि त्याची बायको इतवारीतल्या आमच्या ओसरीवर राहिले. त्याला वेळेवर पेज करून घालायचं काम आत्यानं आपल्याकडे घेतलं होतं. त्याच्या बायकोला आम्ही मुलं मावशी म्हणू लागलो. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. 'शिवरात्रीला गावच्या महादेवाची जत्रा भरते आणि त्याच दिवशी आम्ही फळाची तोड सुरू करतो, तेव्हा सगळे या,' असा त्यांचा निरोप होता.

पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. स्टेशनावर मावशी स्वतः बैलगाडी घेऊन आल्या होत्या. गाडीत कडबा, त्यावर घोंगडी. आत्या अंग चोरून कोपऱ्यात बसली, पण शेतं लागली तशी ती हळूहळू पुढे सरकली. हरभरा, जवस, पळसाला आलेली फुलं. "अगो, केवढं मोकळं आहे," असं ती आईला हळूच म्हणाली.

बगीच्यात पोचलो तर पहिल्यांदा समोर आली सिंदीच्या झाडाची ताजी नीरा. उन्हं चढायच्या आत प्यायची म्हणून कोऱ्या मडक्यात झाकून ठेवली होती. बाबांनी पेला तोंडाला लावला आणि मिटक्या मारल्या. आत्यानं लांबूनच वास घेतला.

"ही दारू तर नव्हे? आज शिवरात्र आहे."

"दारू दुपारून होते जी," मावशी म्हणाल्या. "आता नुसतं गोड पानी हाय. उपासाले चालते. मडकं नवं हाय, मीच आनलं."

आत्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. तिनं भांडं वर धरून एक घोट घेतला, थांबली, मग उरलेलं सगळं संपवलं आणि पदरानं ओठ पुसले. "थंड आहे हो," एवढंच म्हणाली. मावशींनी न विचारता पुन्हा भांडं भरलं.

मग बगीच्याच्या कोपऱ्यातल्या शेंदूर लावलेल्या दगडाची पूजा झाली. शेजारच्या मळ्यांतल्या बायका जमल्या होत्या. पहिलं फळ घरच्या मालकिणीनं किंवा एखाद्या सवाष्णीनं तोडायचं आणि देवापुढे ठेवायचं, अशी तिकडची रीत. आत्या नेहमीच्या सवयीनं मागे, विहिरीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मावशी सरळ तिच्याकडे गेल्या.

"चला आत्याबाई. पयलं फळ तुमी तोडा."

आत्या दचकली. "मला नको सांगूस. इतक्या सवाष्णी उभ्या आहेत. माझ्या हातानं सुरुवात नको."

"काहून?"

कुणी आत्याला कधी 'का' म्हणून विचारलंच नव्हतं.

"आमचे मालक पडून होते तवा पेज कोनाच्या हातची पेत होते?" मावशी म्हणाल्या. "त्या हातानं मानूस उभा झाला. मंग झाडाले काय होते?"

जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. मावशींचा नवरा काठीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "तोडा जी. ऊन चढून राहिलं."

आत्यानं हात वर केला. देठ पिळून तिनं एक फळ काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि देवापुढे ठेवलं. आई डोळे पुसत होती. मग तोडीला सुरुवात झाली, टोपल्या भरू लागल्या. दुपारी जत्रेत आम्ही रेवड्या आणि भिंगऱ्या घेतल्या, आत्यानं महादेवाला बेल वाहिला, आणि संध्याकाळच्या गाडीनं, मांडीवर संत्र्यांची टोपली घेऊन परतलो. परतीच्या वाटेवर बोलली तितकं बोलताना आत्याला मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

चार दिवसांनी गारा पडल्या. आमच्या कौलांवर बराच वेळ ताडताड वाजत होतं. कळमेश्वरकडे फार नुकसान झालं असं बाबा कचेरीतून ऐकून आले. आत्यानं ताट बाजूला सारलं. "मी नको म्हणत होते," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. आईनं समजावलं, बाबा रागावले, काही उपयोग झाला नाही. तिनं जेवण जवळजवळ टाकलंच.

पुढच्या आठवड्यात दाराशी बैलगाडी थांबली. वाचलेला माल इतवारीच्या बाजारात घालून मावशी आमच्याकडे आल्या होत्या. चेहरा उन्हानं आणि काळजीनं काळवंडला होता. बगीच्याचं काय झालं ते त्यांनी आईला दोन वाक्यांत सांगितलं, आणि मग विचारलं, "आत्याबाई कुठी हायेत?"

आईनं सगळं सांगितलं तशा त्या मागच्या खोलीत शिरल्या. मी दाराशी उभी होते.

"तुमी जेवून नाही राहिल्या म्हने."

आत्या खाली बघत म्हणाली, "तुझं सगळं गेलं. मी हात लावायला नको होता."

"आत्याबाई, गारा साऱ्या तालुक्यात पडल्या. तुमी काय साऱ्या तालुक्याचे संत्रे तोडले?"

आत्यानं मान वर केली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. "मले ठाऊक होतं, तुमी मनाले लावून घ्यान. म्हनून आली. पुढच्या सालीबी तुमीच तोडजा." त्या दिवशी दोघी शेजारी बसून जेवल्या.

पुढची किती तरी वर्षं शिवरात्रीला आम्ही गेलो आणि पहिलं फळ आत्यानंच तोडलं. माझ्या लग्नात हळद दळायला जात्यात पहिली मूठ टाकायची, म्हणजे सवाष्णीच्या मानाची, वेळ आली तेव्हा आईनं आत्याला हाक मारली. दोन-तीन नातेवाईक बायका उठून गेल्या. आत्या मात्र गेली नाही. जात्याशी बसली आणि तिनं खुंटा धरला.

आभार मानायची आमच्या घरी रीत नव्हती, म्हणून त्या मावशींना मी तोंडानं कधीच काही म्हटलं नाही. स्वतःचं पीक गेलेलं असताना त्या आधी आमच्या आत्याची समजूत काढायला आल्या, हे मला पुढे स्वतः संसार करताना कळत गेलं. ते इथे लिहून ठेवते.