पहिल्या हाकेला

घाटकोपरची आत्या घराबाहेर कुणालाही नावाने हाक मारत नसे. गॅलरीत उभी राहायची, तोंडाशी दोन्ही हात धरायची आणि असा काही कुकारा घालायची, 'कूऽऽऽ', की खाली खेळणारी आमची पोरं तर धावत वर यायचीच, पण समोरच्या बिल्डिंगमधले काकासुद्धा जेवायला उठायचे. माझ्या नवऱ्याची, समीरची ही सख्खी आत्या. मूळची कणकवलीकडची, लग्न न केलेली, सगळी हयात सरकारी ऑफिसात टायपिंग करून रिटायर झालेली. जिभेला हाड म्हणून नाही.

लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडले तेव्हा म्हणाली, "पोरगी बरी आहे रे समीर, पण बोलते फार." मी म्हटलं, "अजून कुठे आत्या, आता तुमच्याकडे शिकवणी लावते." ती खो खो हसली. तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच. माझ्या सख्ख्या सासूशी मी कधी एवढी भांडले नाही.

दर थंडीत ती आम्हाला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात न्यायची. आम्ही मुलुंडचे, ती घाटकोपरची. जरा वाकडी वाट करून तिला गाडीत घ्यायचं. तिच्या मांडीवर आंबोळ्यांचा डबा. मी एकदा चुकून मॉलचं नाव काढलं तर म्हणाली, "मॉलमध्ये काय बघायचं गो? लोकांचे बूट?" पार्कात शिरलं की तिचा वर्ग सुरू. पानं चुरगाळून वास घ्यायला लावायची, लाल मुंग्यांचं घरटं दाखवायची. माकडासमोर डबा उघडायचा नाही हा तिचा कडक नियम, आणि मला हसताना पाहून म्हणायची, "माणसांसमोरपण उघडू नये, पण तुमच्या मुंबईत ते जमायचं नाय."

आणि एक नियम सगळ्यांवरचा. "रानात कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ते आपलं माणूस नसतं. दगडाला पाठ लावायची आणि गप्प बसायचं. मी कुकारा घातला, तरच उठायचं." ओवी, माझी थोरली, डोळे मोठे करून ऐकायची. मी म्हणायचे, "आत्या, घाबरवू नका हो पोरांना." तर म्हणायची, "घाबरू देत. घाबरलेली पोरं घरी येतात."

ओवी सहा वर्षांची होती आणि धाकटा कबीर तीनचा, त्या वर्षीची गोष्ट. पार्काच्या आतल्या बसने आम्ही कान्हेरीच्या लेण्यांकडे गेलो. आत्याचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून ती झोपलेल्या कबीरला मांडीवर घेऊन खाली बसस्टॉपजवळ बसली. समीर, मी आणि ओवी वर चढलो. वरच्या अंगाला लहान लहान गुहा आहेत, पायऱ्या फुटलेल्या, जागोजागी पाण्याची टाकी खोदलेली. मी बुटात गेलेला खडा काढायला वाकले, समीर फोटो काढत होता. मान वर केली तर ओवी नाही.

आधी मी चिडले. "ओवी, पुरे आता, ये बाहेर!" मग जराशाने आवाज बदलला. समीर एका बाजूला धावला, मी दुसऱ्या. प्रत्येक टाक्यात डोकावून बघत होते आणि डोकावायच्या आधी देवाचं नाव घेत होते. हिरवं पाणी, वर तरंगणारी पानं, बस. वॉचमन आला, तोही ओरडायला लागला. दोन कॉलेजची मुलं ओरडायला लागली. सगळा डोंगर "ओवी, ओवी" करत होता आणि प्रत्येक गुहा ते नाव घोगरं करून परत आमच्याच अंगावर फेकत होती. ऊन उतरायला लागलं होतं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, शेवटची बस जाईल, अंधार पडायच्या आत मिळायला पाहिजे." बिबट्या हा शब्द तो बोलला नाही, पण मला तो ऐकू आला.

ओवी खाली उतरली असेल का म्हणून समीर आत्याकडे पळाला. त्याने नंतर सांगितलं, तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुम्ही नावाने हाका मारताय?" हो म्हटल्यावर तिने कबीरला समीरच्या खांद्यावर टाकलं आणि ते कुरकुरणारे गुडघे घेऊन, कठडा धरत, धापा टाकत ती बाई वर आली. येताच सगळ्यांवर खेकसली, "गप बसा! एकदम गप!" आणि तोंडाशी हात धरून तिने कुकारा घातला. पहिल्यांदा दमच पुरला नाही. दुसऱ्यांदा घातला.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावरून, एका अंधाऱ्या खोलीतून, बारीकसं "कू" आलं.

आतल्या दगडी ओट्यावर, भिंतीला पाठ लावून ओवी बसली होती. त्या खोलीसमोरून मी दोनदा गेले होते. माकडाचं पिल्लू बघायला म्हणून ती आत शिरली होती. मला मिठी मारून म्हणाली, "आई, खूप जण माझं नाव घेत होते. तुझ्यासारखा आवाज होता, पण तू नव्हतीस. मी ओ दिली नाही." शाबासकीच मागत होती पोरगी!

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. "आत्या, तुमच्या त्या शास्त्रापायी आज माझी पोरगी गेली असती. अंधार पडला असता तर?" समीर म्हणाला, "अगं, आता राहू दे." मी म्हटलं, "का राहू दे?" बोलले, आणि आजही बोलेन. वाटलं होतं आत्या उसळेल, चार ऐकवेल. ती म्हणाली, "खरं आहे गो तुझं."

मग तिने ओवीला जवळ ओढलं. "हे बघ बाय, आईबाबांनी हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची. रानात, घरात, कुठेही. नावाने कुणी दुसरं हाका मारत नसतं. मी खोटं सांगितलं होतं."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या आईने."

"मग तीपण खोटं बोलली?"

आत्याने मांडीवरच्या डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. "हो," म्हणाली. "तीपण."

माझं समाधान झालं. समीरचं मात्र बिनसलं होतं. पोरांचे पाय धुताना मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. आत्याला एक धाकटा भाऊ होता, बाळू. करवंदं काढायला दोघं रानात गेली, आणि ती एकटीच परत आली. बाळू सापडला नाही. गाव तिच्याकडे बघायला लागलं, तेव्हा त्यांची आई अंगणात उभी राहून म्हणाली होती, "माझ्या पोराला नावाने हाक आली, म्हणून तो गेला. हिला कुणी काही विचारायचं नाही." कुणी विचारलं नाही. त्या एका वाक्याच्या आडोशाला आत्याचा सगळा जन्म गेला होता. आणि माझ्या पोरीसाठी ते तिने गाडीत बसल्या बसल्या मोडून टाकलं.

त्यानंतर एकदा ती आमच्याकडे आली होती. मी कोलंबी सोलत होते, ती शेजारी पाटावर. मध्येच म्हणाली, "मी तेव्हा नऊ वर्षांची होते गो. नऊ वर्षांच्या पोरीला कितीसं कळतं?"

"काही कळत नाही, आत्या," मी म्हटलं.

तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. मला दिसत होतं. पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली.

ओवीला आता नववं लागलंय. पार्कात गेलं की कबीर पुढे पळतो, मी दमलेली असते, आणि "ओवी, बघ गं जरा त्याच्याकडे" हे अगदी ओठांवर येतं. मी ते गिळते, चपला पायात सरकवते आणि त्याच्यामागे स्वतः जाते.