मेश्रामकाकांच्या फाटकाबाहेरच्या चपला

ज्या घरात कुत्र्याचं पिल्लू असे, तिथे मेश्रामकाका चपला फाटकाबाहेरच काढत आणि पाय धुवायला साबण-पाणी मागत. जन्मभर जयभीम म्हणणाऱ्या माणसाचं हे कसलं सोवळं, म्हणून लोक हसत. काका म्हणत, "बीमारी चपलेवर बसून येते."

जनावरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. निवृत्तीनंतर आमच्या गढा वस्तीत कुणीही बोलावलं की जात, पिल्लाच्या हिरड्या बघत आणि डॉक्टरकडे पिटाळत. स्वतः औषध कधी दिलं नाही.

मी तेव्हा लस न टोचता पिल्लं विकणाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटत होते. विकणारा गुन्हेगार, फोटोपुरतं विकत घेणाराही गुन्हेगार, असं मी छापलं होतं. त्यातला एक शब्दही आज मागे घेत नाही. अशाच एका विक्रेत्याकडून सोडवलेली चिमी माझ्याकडे होती. पॉमेरेनियन, ओंजळीत मावेल एवढी. काकांनी तिला डॉक्टरकडून पहिली लस टोचवून आणली आणि बजावलं, सगळ्या लसी होईपर्यंत हिला बाहेर काढायचं नाही.

पुढच्याच रविवारी बाजारात आमचं लसीकरण शिबिर होतं. लोकांना दाखवायला म्हणून मी चिमीला नेलं. एक लस झाली होती ना! गल्लीतली कुत्री ज्या टेबलावर तपासली, त्याच टेबलावर तिला ठेवलं.

पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. काका आले तेव्हा मी विक्रेत्याला शिव्या देत होते.

"त्याचं मग पाहू. तू कुठं नेली होती हिला?"

मी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. तिच्या हिरड्यांना ग्लुकोज चोळत एवढंच म्हणाले, "लहान जिवाची साखर लवकर उतरते, बेटा. चलो, डॉक्टरकडे."

दवाखान्यात सलाईनसाठी नस मिळेना. काकांनी तो काडीएवढा पाय धरून ठेवला, तेव्हा सापडली. तिसऱ्या दिवशी सकाळी चिमी गेली.

आठवड्यात मी विक्रेत्यावर नवं पत्रक लिहिलं आणि काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"सगळं खरं लिहून राहिली तू. पण तुझं टेबल काहून नाही यात?"

काका गेल्या वर्षी वारले. आता आम्ही पिल्लांना शिबिरात बोलावत नाही, डॉक्टरांना घेऊन घरोघर जातो. फाटकाबाहेर चपला काढतो, पाय धुतो. कुणी हसलं की मी पत्रक हातात देते. त्याची पहिली ओळ आहे : माझं पिल्लू मी शिबिरात नेऊन मारलं.