बापट सरांच्या सुधारणा

दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य दिसलं की बापट सर खुर्ची ओढत यायचे. प्रोग्रॅममध्ये केलेला बदल जमा करताना संगणक एडिटर उघडतो. काय बदललं आणि का, हे तिथे इंग्रजीत दोन ओळींत लिहायचं असतं. आमच्या टीममध्ये मात्र सरांना दाखवल्याशिवाय ते कुणी सेव्ह करायचं नाही, असा नियम होता. “सरक,” म्हणत ते कीबोर्ड ताब्यात घेत. प्रोग्रॅम त्यांनी कधी वाचला नाही. वाचत ते फक्त या दोन ओळी.

“‘चूक’ काय लिहितोस? गिऱ्हाईक वाचतं हे. ‘सुधारणा’ लिही. तुमच्या जतच्या कॉलेजात शिकवत नसतील.”

कानडी मुलखात, बनशंकरीतल्या त्या ऑफिसात, मराठी आम्ही दोघंच. इतरांशी ते इंग्रजीत गोड बोलत. मराठी माझा पाणउतारा करण्यापुरती ठेवलेली. तरी घरातला पहिला पदवीधर मी, कुणी आपलं इंग्रजी सुधारतंय याचंच मला अप्रूप होतं.

मला नोकरीत कायम करायची वेळ जवळ आली होती. वडिलांनी गावात आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा मी बँकेच्या व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये तात्पुरती दुरुस्ती केली आणि लिहिलं, ‘लीप वर्षात चुकेल. अजून बँकेला देऊ नये.’ सरांनी दोन्ही वाक्यं पुसून लिहिलं, ‘व्याजाची आकारणी परिपूर्ण केली.’

“पण सर, ती चुकतेय अजून.”

“रडगाणं नको रे. सेव्ह कर.”

ती ओळ वाचून वरच्यांनी प्रोग्रॅम बँकेला पाठवला. एकोणतीस फेब्रुवारीला व्याज चुकलं. मॅनेजर मॅडमनी आम्हाला बोलावलं. लॉगिन माझं, म्हणून त्या ओळीपुढे नावही माझंच.

“मी इशारा लिहिला होता, मॅडम. सरांनी तो काढला.”

बापट सर हसले आणि इंग्रजीत एक कानडी शब्द पेरत म्हणाले, “मी फक्त याचं इंग्रजी दुरुस्त करतो, मॅडम. खेड्यातून आलाय, स्वल्प सांभाळून घ्या.”

मॅडमही हसल्या. माझं कायम होणं सहा महिने लांबलं.

संध्याकाळी जिन्यात सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या मुदतवाढीच्या पत्रात मॅडमनी ‘निष्काळजीपणा’ लिहिलं होतं. मी ‘आणखी अनुभवाची गरज’ करून घेतलं. वाचायला बरं वाटतं ना?”

ते आभारांची वाट बघत उभे राहिले. कुणी साधा पत्ता सांगितला तरी दोनदा आभार मानणारा मी, त्यांचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला आणि वडिलांना फोन करायला बूथकडे निघालो.