विकतचा संघ आणि मोडलेला गुडघा

भिवंडी तालुक्यातल्या माझ्या पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सुताच्या गाड्या रातोरात गायब होताना पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण एक कबड्डीपटू, त्याचा मोडलेला गुडघा आणि त्यापायी पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात उभी राहिलेली दोन गावं, हे काही माझ्या मनातून जात नाही. प्रकरण दप्तरात गुन्हा म्हणून नोंदलंही गेलं नाही. माणसांची नावं मी सांगणार नाही. ती माणसं आजही तिथेच नांदताहेत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहत होती. पूर्णा, राहनाळ या भागात काल नांगर धरणाऱ्याच्या दारात आज नवी गाडी उभी दिसायची. पैसा आला की हौस येते, आणि या पट्ट्यात हौस म्हणजे कबड्डी. अशाच एका गावातल्या गोदाममालकाने, त्याला आपण शेठ म्हणू, गावाचा संघ विकत उभा केला होता. कुणी घाटावरचा, कुणी रायगडचा, कुणी मुंबईचा. प्रत्येकाचा ठराव वेगळा. चढाईतल्या गुणाला एक दर, पकडीला दुसरा. गावची पोरं मैदानावर पाणी मारायची आणि सामना बघायला दोरीबाहेर बसायची.

लोक चेष्टा करायचे, पण मागचे दोन चषक शेठच्याच घरात होते, हेही खरं. समोर राहनाळचा संघ. ती सगळी एका आळीत वाढलेली पोरं. कुणी गोदामात हमालीवर, कुणी लूमवर, आणि शिफ्ट सुटली की मैदानात. त्या वर्षी जत्रेतल्या स्पर्धेची अंतिम लढत या दोन संघांत ठरली आणि बंदोबस्त अर्थातच माझ्या गळ्यात आला.

लढतीच्या आदल्या संध्याकाळी सरकारी रुग्णालयातून मेमो आला. शेठचा मुख्य चढाईपटू, घाटावरचा पंचविशीतला गडी, हायवेलगत गोदामाच्या भिंतीपाशी पडलेला सापडला होता. गुडघा निखळलेला. माल उतरवणाऱ्या हमालांनी त्याला उचलून आणलं होतं. मी हवालदाराला रुग्णालयात पाठवतो न पाठवतो तोच शेठ गाव घेऊन ठाण्यात हजर. त्याचं म्हणणं सरळ होतं. राहनाळच्या कप्तानाने मोटारसायकलवरून येऊन लोखंडी रॉडने पाय फोडला, जखमीने स्वतः तसं सांगितलं, आता लगेच उचला त्याला. मध्येच मला वरून फोनही आला. शेठच्या ओळखी लांबपर्यंत होत्या.

जखमीला भुलीचं औषध दिलेलं होतं. जबाब देण्याच्या स्थितीत नाही, असा डॉक्टरांचा शेरा होता. त्यामुळे गुन्हा कुणाच्या नावावर घालायचा प्रश्नच नव्हता. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि कप्तानाला चौकशीसाठी बोलावलं. तो स्वतःहून आला. बावीस-तेवीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, खाली बघत बोलणारा. त्याला बघितलं आणि मला आठवलं की याच पोराचे कागद माझ्याच ठाण्यात पडून आहेत. पोलीस भरतीत धावणं, लेखी सगळं पार पडलं होतं. उरली होती फक्त चारित्र्य पडताळणी. रॉडने पाय मोडल्याचा गुन्हा एकदा नावावर चढला की पुढे निर्दोष सुटूनही उपयोग नव्हता. भरती कुणासाठी थांबत नाही. त्याची आई बाहेर पायरीवर बसली होती. तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी त्याला संध्याकाळभर कुठे होता ते विचारलं. म्हणाला, गावच्या मैदानावर सराव करत होतो. साक्षीदार कोण, तर त्याचाच संघ. असली साक्ष कोर्टात कवडीमोल. मी आवाज चढवला, दटावलं, फिरवून फिरवून तेच विचारलं. तो एका शब्दानेही हलला नाही. शेवटी एकदाच मान वर करून म्हणाला, "साहेब, मैदानान भेटला असता त सोरला नसता त्याला. पन रस्त्यान कशाला मारू? उद्या त्याचीच पकड करून गावाला दाखवाची व्हती मना."

इतक्या वर्षांत खोटं बोलणारे मी ढिगाने पाहिलेत. खोटं बोलणारा माणूस आपल्या चांगुलपणाचे दाखले देतो. हा पोरगा अंतिम लढत बिघडली म्हणून चिडला होता. माझा त्याच्यावर विश्वास बसला, पण पोलिसाच्या विश्वासाला पुराव्याची जोड लागते. म्हणून रात्री त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं.

बाहेर आलो तर व्हरांड्यात राहनाळचा अख्खा संघ बसलेला. हवालदार हाकलून थकला होता. ना घोषणा ना दमदाटी, नुसते भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, इथे काय काम आहे? त्यातला एक म्हणाला, कप्तान सुटला की जाऊ, न्हाय सुटला त हितंच हाव. मी हवालदाराला त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

सकाळी खबर आली. लूमवर काम करणारा एक परप्रांतीय कारागीर अधूनमधून मला माहिती द्यायचा. कबड्डीचं त्याला भारी वेड. लूमला सुट्टी पडली की कुठल्याही गावचा सामना बघायला हा निघालाच. जखमीची बातमी ऐकून तो चहाच्या टपरीवर मला गाठायला आला. म्हणाला, "साहब, वो लड़का तो कल दोपहर में शेलार गाँव से आगे के एक गाँव में खेल रहा था. माइक पे नाम कुछ और बोल रहे थे, पर चढ़ाई तो उसी की थी. मैं हज़ार में पहचान लूँ. वहीं गिरा, फिर उठाके ले गए."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हंगामात भाड्याचे खेळाडू एका गावाचा ठराव असताना दुसऱ्या गावात नाव बदलून उतरतात, हे मी ऐकून होतो. मी तरुणपणी पोलीस संघातून कोपऱ्यात पकडीला खेळलेलो. त्यामुळे आता काय बघायचं ते मला कळलं होतं. थेट रुग्णालय गाठलं.

डॉक्टर म्हणाले की गुडघ्यावर बाहेरून माराची खूण नाही, कातडीही फाटलेली नाही; सांधा पिळवटून आतले बंध तुटलेत. मी चादर खालून बाजूला केली. घोट्याभोवती दोन्ही बाजूंनी बोटांचे काळेनिळे वळ होते आणि नखांचे ओरखडे. घोटा पकड. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, याने निसटायला अंगाला पीळ दिला, आणि वरून दुसरा अंगावर पडला. रॉडला बोटं नसतात.

त्याला शुद्ध चांगली आली होती आणि डॉक्टरांनी परवानगीही दिली. मी खुर्ची ओढून बसलो. रॉड कुठून लागला, विचारलं. त्याने गुडघ्याची बाहेरची बाजू दाखवली. गाडी कुठली होती? माहीत नाही. किती जण होते? आठवत नाही. मी त्याला वळांबद्दल काही बोललो नाही. आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या खाटांवर डबे होते, नातलग होते. याच्या टेबलावर पाण्याचा ग्लासही नव्हता. मी विचारलं, तुझ्या संघातलं कोण आलं होतं भेटायला?

तो रडायला लागला. धिप्पाड गडी उशीत तोंड घालून रडत होता आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. चौकशीत अशी वेळ आली की तोंड बंद ठेवावं, हे मला माझ्या पहिल्या फौजदाराने शिकवलं होतं.

मग सगळं आपसूक बाहेर आलं. शेठचा ठराव असा होता की अंतिम लढतीपर्यंत दुसरीकडे पाय टाकायचा नाही. पण मधल्या दुपारी रिकामं कशाला बसायचं म्हणून हा दुसऱ्या नावाने उतरला. "साहेब, हंगाम किती दिसांचा? पाय हाय तवर कमवायचं," असं म्हणाला. पडल्यावर त्या गावच्या लोकांनी त्याला रिक्षात घातलं आणि शेठच्या गोदामाजवळ सोडून दिलं. त्यांनाही भानगड नको होती. शेठचा पुतण्या रुग्णालयात आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, राहनाळवाल्यांनीच मारलं ना? खरं सांगितलं तर औषधपाण्यालाही कुणी उभं राहणार नाही, या भीतीने याने मान हलवली. त्या हललेल्या मानेवर एका पोराची नोकरी जाणार होती.

मी जबाब लिहून घेतला, डॉक्टरांची सही घेतली आणि शेठला ठाण्यात बोलावलं. मला वाटलं होतं तो आकांडतांडव करेल. त्याने जबाब ऐकला आणि पगडी उतरल्यागत बसला. मी जरा तिखटच बोललो, की एवढा पैसा ओतलात तर गावच्या पोरांना एखादा शिकवणारा का नाही आणलात? त्यावर तो म्हणाला, "साहेब, आमची पोरं वरसानुवरसं हरली. तवा कोनी इचाराला आला न्हाय. पैसा टाकला आन कप आला. आता सगली येतान." खोटं त्यात काहीच नव्हतं. मात्र पुढच्याच दमात त्याने विचारलं, या घाटावरच्या गड्यावर खोट्या माहितीची केस करता येईल का?

करता आली असती. मी राहनाळच्या कप्तानाला समोर बसवून विचारलं, तुझी तक्रार आहे का? बदनामी तुझी झाली, रात्र तू ठाण्यात काढलीस. त्याने बाहेर आईकडे बघितलं. मग म्हणाला, "पाय त मोरलाच हाय त्याचा, साहेब. आजून काय मोराचा?" मी खेळातला अपघात अशी नोंद केली आणि कागद बंद केले. त्याची पडताळणी त्याच टेबलावर, त्याच्यासमोर, शेरा मारून पुढे पाठवली. आई हात जोडायला लागली तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं. मी माझं काम केलं होतं, उपकार नव्हे.

लढत ठरल्या वेळी झाली. आता वाचकांना वाटेल, राहनाळची पोरं जिंकली असतील. नाही. शेठच्या संघानेच बाजी मारली, थोडक्यात पण मारली. मुंबईचा त्यांचा दुसरा चढाईपटू तसाच तयारीचा होता. राहनाळच्या पोरांनी हातात हात घट्ट धरून साखळी तुटू दिली नाही, तरी ती कमी पडली. विकत घेतलेला खेळ खरंच चांगला होता. तेव्हा पैशाने चषक येतो का, असं मला कुणी विचारलं तर मी होय म्हणतो. माझ्या डोळ्यांदेखत आला. चषक शेठच्या हातात देऊन झाला आणि खेळाडू आपापल्या पिशव्या उचलून बसस्टँडकडे गेले. मिरवणुकीत ढोल होते, गुलाल होता, फक्त जिंकलेल्यांपैकी कुणी नव्हतं.

हे प्रकरण मला काय शिकवून गेलं, ते सांगतो. मैदानात किंवा धंद्यात कोण भारी, हे गुण मोजून कळतं. माणसाजवळ आपलं कुणी आहे की नाही, हे तो पडल्यावर कळतं. राहनाळचा पोरगा माझ्यासमोर सरळ बोलू शकला, कारण बाहेर त्याची माणसं भिंतीला टेकून बसली होती. घाटावरच्या गड्याकडे तसं कुणी नव्हतं, म्हणून तो खोटं बोलला. पुढे संशयित समोर आला की मी आधी बाहेर डोकावून बघायचो, याच्यासाठी कोण आलंय. कुणीच आलेलं नसेल तर जरा सबुरीने घ्यायचो.

बंदोबस्त उठवून परत येताना मी रुग्णालयात गेलो. त्याच्या टेबलावर अजून काही नव्हतं. येताना मी चहा आणि पाव घेतला होता, तो ठेवला. त्याला निकाल कुणी कळवला नव्हता. त्याने विचारलं, कोण जिंकलं?

मी म्हणालो, "तुझा संघ जिंकला."

त्याने उलट विचारलं. टोमणा मारतोय असं मला क्षणभर वाटलं, पण तो मनापासून विचारत होता.

"माझा कंचा, साहेब?"