मिरचीची रास

शाळेत शिकवायला जाताना वाटेत मिरची वाळत घालायची मोकळी जागा, पथारी, लागते. आज ठसका लागला म्हणून स्कूटर कडेला घेतली आणि धानोऱ्याचं, सासरचं अंगण आठवलं.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. मी नाशिकची, मला रिकामं बसणं माहीतच नव्हतं. शेतातून ताजी लाल मिरची आली, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी सावलीत रास घातली, वर गोणपाट टाकलं आणि दोन दिवस हात लावू नको म्हणाल्या. मला तो निव्वळ आळस वाटला. त्या बाजाराला गेल्या आणि मी सगळी रास उन्हात पसरली.

चार दिवसांत अर्धी मिरची पांढरट, फटकी पडली. जाऊबाई ओरडल्या नाहीत. पुढच्या तोड्याची रास झाकून त्यांनी राखणीला म्हणून शेजारीच खाट टाकली.

“मिरचीले बी बसू दे व माय, लगेच उनमा टाकी ते फटकी पडस. अनी तू बी बस.”

“बाई, भांडी पडलीत अजून.”

“पडू दे.”

मी बसले, पण पाय हलतच होते. गोणपाटाखालून उबट, गोडसर वास येत होता. जाऊबाई डोळे मिटून पडल्या होत्या. झाकलेल्या मिरचीला राखण लागत नाही, हे तेव्हा सुचलंच नाही. पहाटेपासून राबणाऱ्या त्या बाईला पाठ टेकायला दुसरं कुठलं कारण चाललं असतं?

तेवढ्यात इथे रस्त्याकडेला माझा फोन वाजला. खिशात हात घालताना लक्षात आलं, इतका वेळ मी स्कूटर बंदही केली नव्हती.