दुसरा आवाज

जुलैतला शनिवार, आमच्या शाळेचा हॉल. हजर: आलापल्ली भागातल्या शाळांचे शिक्षक, तालुक्याहून आलेले एक साहेब, वाचन तपासणाऱ्या नव्या ॲपचं प्रशिक्षण द्यायला नागपूरहून आलेला एक तरुण, मुख्याध्यापिका म्हणून मी, आणि खिडकीजवळ सतरंजीवर आमचे गुरुजी. गैरहजर: वीज.

पडद्यावरचं काही दिसेना, तसा तो तरुण तोंडपाठ बोलू लागला आणि दुसऱ्याच वाक्याला अडला. "हे ॲप मुलाचा आवाज ऐकतं, आणि..." खिडकीकडून अगदी खालच्या आवाजात शब्द आले, "आणि त्याची पातळी ठरवते." तरुणाने ते उचललं आणि पुढे निघाला. कुणी सांगितलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. नंतरही तो अडला की असंच होत राहिलं. गुरुजींच्या हातात वाटलेला छापील कागद होता, नजर तरुणाच्या तोंडावर होती आणि ओठ हलत होते. शेवटी साहेबांनी त्या तरुणाची पाठ थोपटली, "कागदाशिवाय काय मस्त बोलता हो तुम्ही."

दुसऱ्याचं बोलणं आधी स्वतःच्या ओठांवर आणणारा माणूस तुम्हीही कुठे तरी पाहिला असेल. आमच्या गुरुजींची ती सवय वडशाहून आली होती. दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टीची नाटकं गावोगाव लागतात. प्रयोग भरपूर आणि तालमी थोड्या, म्हणून मंचाच्या कडेला बसून नटाला वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर लागतोच. नोकरी लागण्याआधी गुरुजी ते काम करत, आणि नोकरीतही हिवाळ्यातल्या सुट्ट्या तिकडेच जात. प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये आणि नटाला मात्र जावं, असा त्यांचा आवाज झाला होता. त्यामुळे शाळेत ते रागावले तरी कुणाला कळत नसे.

वर्गातही त्यांनी तीच रीत लावली होती. मुलाला फळ्यासमोरच्या ओट्यावर उभं करायचं. आपण खाली, वर्गाकडे पाठ करून, पुस्तक मांडीवर घेऊन बसायचं. आधी प्रत्येक शब्द पुरवायचा, मग ओळीतला पहिलाच, मग नुसते ओठ हलवायचे. मूल घाबरलं की म्हणायचं, "चाल समोर. मी आहो ना." मग एक दिवस ते पुस्तक मिटून बाजूला ठेवत आणि मूल एकटं वाचत असे. मुलांत याचा फार मान होता. मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची ती अशी: "तुह्यं पुस्तक मिटलं का बे? नाई ना? मंग गप बस."

सुरुवातीला आपण कसे नापास झालो ते गुरुजी स्वतः सांगत. नाटकात बाप मुलीला सासरी पाठवतो असा प्रवेश होता. नट बोलता बोलता थांबला. यांना वाटलं विसरला. यांनी वाक्य पुरवलं, ते ऐकू गेलं नाही असं वाटून पुन्हा मोठ्यानं पुरवलं, आणि प्रेक्षक हसले. आत गेल्यावर नटाने यांची कॉलर धरली. "अबे, मी रडून राह्यलो होतो. भुललो नव्हतो." गुरुजी म्हणत, "बाई, पुरवनं कोणालेबी येते. कवा नाई पुरवाचं, ते शिकाले माह्यं अर्धं आयुष्य गेलं."

म्हातारा माणूस यंत्राला घाबरला, असं नंतर कार्यालयात बोललं गेलं. ते खोटं आहे. शाळेला टॅब मिळाले तेव्हा पहिला टॅब गुरुजींनीच उघडला. मुलांना ते त्यात प्रश्न विचारायला लावत: मोह कधी गळतो, तेंदूची पानं कशी वाळवतात. उत्तर आलं की वर्गाला विचारत, "खरं बोलून राह्यला का हा?" मुलं त्याच्या चुका काढत आणि घरी जाऊन आईला विचारून येत. एकदा टॅबचं उत्तर बरोबर निघालं आणि अख्ख्या वर्गाचं चुकलं, तर गुरुजींनी टॅबसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "हुशार आहे लेकाचा. पन याले चूप राहता येत नाई."

आता रोशनीबद्दल. सातवीतली मुलगी, घरी गोंडी बोलणारी. तिचं पुस्तक पाचवीतच मिटलं होतं. गावसभेत वनहक्काचे कागद येतात ते उभं राहून तीच वाचते, आणि तिचं वाचून झाल्याशिवाय गाव अंगठा लावत नाही. चंद्रपूरच्या निवासी शाळेत तिचा नंबर लागावा असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. गावाजवळ सातवीच्या पुढे वर्ग नाही. निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी ती घरीच बसणार, हे तिला माहीत होतं आणि तिच्या वडिलांनाही. निवडीसाठी यंदा नवीन अट आली: वाचनाची पातळी ॲपने दिलेली हवी.

रोशनी टॅबसमोर बसली. बरोबर वाटलेला शब्द यंत्र हिरवा करतं, चूक वाटलेला लाल. तिच्या बोलण्यातला गोंडी हेल त्याने बहुधा कधी ऐकलाच नव्हता. पडदा लालच लाल झाला. निकाल आला: दुसरीची पातळी. वनहक्काचा कायदा गावाला वाचून दाखवणारी मुलगी, आणि दुसरीची पातळी. मी संताप आवरून नियमावली काढली. पुन्हा चाचणीची संधी होती, पण एकदाच.

त्या चाचणीसाठी गुरुजींनी तिची फार तयारी करून घेतली नाही. "वाचता येते तिले. तयारी त्या डब्ब्याची कराले पाह्यजे," म्हणाले. नियमाप्रमाणे शिक्षक शेजारी हवा, म्हणून ते बसले. मी दाराशी उभी होते. रोशनी सावकाश, यंत्राच्या कलाने वाचत होती. शब्द हिरवे होत होते. उताऱ्याच्या शेवटाकडे एक लांब वाक्य आलं आणि ती थांबली. क्षणभरच. गुरुजींचे ओठ हलले, आणि या वेळी नुसते हलले नाहीत.

पडद्यावर आलं: दुसरा आवाज आढळला, चाचणी रद्द.

रोशनी त्यांच्याकडे बघत म्हणाली, "सर, मी दम घेऊन राह्यली होती." मुलं गेल्यावर गुरुजी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "दोन वर्सं झाले तिले पुरवलं नाई, बाई. आजच काऊन पुरवलं मी? त्या डब्ब्याचा भेव मलेच वाटला."

त्यांची चूक झाली, हे मी झाकत नाही. त्यांनीही झाकलं नाही. आवाज माझा, दोष माझा, मुलीचा काही संबंध नाही, तिचं वाचन कुणीही समोर बसवून ऐकावं, असं त्यांनी स्वतः लिहून दिलं. उत्तर म्हणून आली ती त्यांच्याच नावाची नोटीस. मुलीबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून आम्ही गडचिरोलीला गेलो: मी, गुरुजी, रोशनी आणि तिचे वडील. जिल्हा कार्यालयातले साहेब सभ्य होते, बसा म्हणाले. मी मुद्दे क्रमाने मांडले. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतंय. पण सिस्टीममध्ये चाचणी बंद दाखवते."

"मंग तुमी ऐका ना साहेब," गुरुजी म्हणाले. "मांगं भित्तीवर फलक आहे. ते वाचते."

साहेबांच्या पाठीमागे नागरिकांची सनद लावलेली होती. त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत रोशनी उभी राहिली आणि वाचू लागली. कोणता अर्ज कुणाकडे करायचा, तो किती दिवसांत निकाली निघेल, न निघाल्यास दाद कुठे मागायची. बाजूच्या टेबलावरचा बाबू काम थांबवून ऐकू लागला. एका ओळीपाशी ती थांबली.

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी उजव्या हाताने स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. डोळे फलकावर होते. रोशनीने दम घेतला आणि ओळ पुरी केली. मगच त्यांनी हात काढला.

"छान वाचते," साहेब म्हणाले. "पण मी ऐकून काय उपयोग? माझ्या ऐकण्याला रकाना नाही."

रोशनीचे वडील म्हणाले, "गावसभेत आमी ऐकतो इले. आमच्याकडं कुठी रकाना आहे?"

साहेबांनी पाणी मागवलं.

हे मी शांतपणे लिहिते आहे, पण शांत नाही. मुलांना यंत्र द्या, शिकवा, त्याच्या चुका काढायला शिकवा. आमच्या गुरुजींनी तेच केलं. पण ज्या खात्यात झाडून सगळे मुलांचं वाचन ऐकूनच गुण देत आले, तिथे मूल समोर उभं राहून वाचत असताना ऐकणाऱ्याने आपलं ऐकणं धरायचं नाही, हे कोणतं शिक्षण? सनद भिंतीवर लावायची, ती वाचणाऱ्या मुलीला वाचता येत नाही असं लिहायचं, आणि वर तिला छान म्हणायचं.

दिवाळीआधी गुरुजींची बदली झाली. कारण प्रशासकीय, जागा तेलंगणाच्या सीमेवरची, सिरोंचाकडची. निरोप समारंभाला ते नको म्हणाले. जाताना वर्गातलं मांडीवर घ्यायचं जुनं पुस्तक त्यांनी रोशनीकडे दिलं आणि पहिलीच्या मुलांना दुपारी पुरवत जा म्हणून सांगितलं. "पन थांबलेलं लेकरू पाहून घेजो आधी," एवढंच बजावलं.

परवा फोन आला. "कसं आहे तिकडे?" मी विचारलं. म्हणाले, "लेकरं गोड आहेत, बाई. पन तेलुगूत थांबतात. रडून राह्यले का भुलले, तेच समजत नाई मले." यंदा ते वडशाला गेले नाहीत. कंपनीने दुसरा माणूस बसवला. मग म्हणाले, "पोरीचं काय झालं?"

पोरीचं झालेलं नाही. चंद्रपूरच्या शाळेत पुढच्या वर्षासाठी निवडलेली एक मुलगी येणार नाही म्हणाली, ती जागा अजून रिकामी आहे. मी अर्ज केला आहे, स्मरणपत्र दिलं आहे, आणि सनदेत लिहिलेली मुदत संपल्यावर सनदेतच सांगितलेल्या वरच्या कार्यालयातही जाऊन आले आहे. दुपारी पहिलीच्या वर्गावरून जाताना दिसतं: ओट्यावर एक चिमुरडं उभं असतं, खाली वर्गाकडे पाठ करून रोशनी बसलेली असते आणि तिचे ओठ हलत असतात.

माझ्या टेबलावरच्या यादीत आजची कामं होती. धान्याचा साठा तपासणे, झालं. छताचे पत्रे बदलणे, झालं. टॅब चार्ज करून ठेवणे, झालं. रोशनीचं वाचन कुणी तरी माणसाने ऐकून तसं लिहून देणे, बाकी.